व्हीआर चष्मा म्हणजे भुलीचं इंजेक्शन नव्हे

‘व्हीआर चष्मा लावा, वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद करा, अमेरिकेच्या एफडीएचीही मान्यता’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) चष्मा म्हणजे डोळ्यांसमोर संगणकाने उभं केलेलं आभासी जग दाखवणारा हेडसेट; एफडीए म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी अमेरिकी सरकारी संस्था. या मजकुरात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

मान्यता मिळाली, पण कशाला? नोव्हेंबर 2021 मध्ये एफडीएने ‘ईझव्हीआरएक्स’ या व्हीआर उपकरणाला परवानगी दिली ती फक्त प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीने. त्यात श्वासाचे व्यायाम, लक्ष दुसरीकडे वळवण्याचा सराव असा आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. 179 जणांच्या चाचणीत हे उपकरण वापरणाऱ्या गटातल्या 66 टक्के लोकांचं दुखणं 30 टक्क्यांहून जास्त कमी झालं. फॉरवर्डवाले इथेच थांबतात! तुलनेसाठी साधा द्विमितीय (सपाट चित्रांचा) कार्यक्रम दिलेल्या गटातही 41 टक्क्यांना तेवढाच आराम पडला होता. शिवाय काहींना हेडसेटचा त्रास झाला, काहींना मळमळलं.

मजकुरासोबतचा बर्फाळ दरीचा फोटो ‘स्नोवर्ल्ड’ या व्हीआर खेळाचा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ते तयार केलं. ड्रेसिंग बदलताना रुग्ण पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो, लक्ष तिकडे गुंततं, वेदना कमी जाणवते. कल्पना झकासच आहे. पण त्या रुग्णांना नेहमीची वेदनाशामकं दिलेली असत; चष्मा त्यांच्या जोडीला होता.

तेव्हा हा मजकूर वाचून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.