हिवाळी ऑलिम्पिकचा निकाल पारावर कसा सांगावा

दर चार वर्षांनी, तूर घरात येऊन पडलेली असते आणि हरभऱ्याचे घाटे भरत असतात, अशा ऐन फेब्रुवारीत हिवाळी ऑलिम्पिक येते, आणि गावातल्या जाणत्या माणसाने त्यावर चार शब्द बोलावेत अशी पारावर अपेक्षा असते. ज्याने बर्फ फक्त रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपात पाहिला आहे, त्याचीही पंचाईत होऊ नये म्हणून हे सांगत आहे.

निकालासाठी जागरण मुळीच करू नये. 1964 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला भारताचा पहिला खेळाडू उतरला, तेव्हापासून 2022 च्या बीजिंगपर्यंत आपली पदके शून्य आहेत. सातबाऱ्यात चूक निघू शकते, या आकड्यात निघत नाही. नॉर्वेने बीजिंगमध्ये 16 सुवर्णांसह 37 पदके नेली असे मास्तर म्हणाले, आणि त्या देशाची लोकसंख्या नागपूर व वर्धा या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहूनही कमी आहे असे त्यांनी वर जोडले, तर तिकडच्या लोकांना शेतीची कामे नसतात एवढे बोलून तंबाखूची डबी पुढे करावी.

‘आपल्याकडे बर्फ कुठे?’ हे कारण मात्र जपून वापरावे. बीजिंगच्या डोंगरांवरही पुरेसा बर्फ पडत नाही. स्पर्धेसाठी तो जवळजवळ सगळा यंत्रांनी पाणी फवारून तयार केला होता. म्हणजे पाणी, पंप आणि अखंड वीज एवढेच काय ते लागते. हे पारावर बोलू नये, कारण ज्याच्या कृषिपंपाला या आठवड्यात रात्रपाळीची वीज आहे तो ओलित करून थेट तिथेच येऊन बसलेला असतो.

बीजिंगला एकशे चाळीस कोटी लोकांच्या देशाचे पथक एका खेळाडूचे होते. काश्मीरचा आरिफ खान भर बर्फवृष्टीत जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांना वळसे घेत स्कीवर उतार उतरण्याच्या शर्यतीत, 45वा आला आणि तीन दिवसांनी स्लॅलम, म्हणजे त्याहून लहान वळणांची तशीच शर्यत, पूर्ण करू शकला नाही. आपण फक्त दुसरी शर्यत सांगावी. पहिली सांगितली की त्याच उतारावर कितीतरी जण वाटेतच बाद झाले हेही ओघाने येते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात विनाकारण आदर उत्पन्न होतो.

ल्यूज खेळणाऱ्या शिवा केशवनचे नाव निघाले तर अधिकच सावध राहावे. ल्यूज म्हणजे लहानशा घसरगाडीवर उताणे पडून, पाय पुढे करून, बर्फाच्या वळणावळणाच्या पन्हाळीतून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येणे. देशात अशी पन्हाळ नसल्यामुळे मनालीकडच्या या गड्याने गाडीला चाके लावली, घाटातल्या डांबरी रस्त्यावर ट्रक आणि मेंढरे चुकवत सराव केला आणि 1998 ते 2018 अशी सलग सहा ऑलिम्पिके गाठली. त्याचा सर्वोत्तम क्रमांक 25वा. हे शंकरपटाच्या धुरकऱ्यासमोर चुकूनही बोलू नये. सेकंदाच्या तुकड्याने जोडी हरते हे त्याला ठाऊक असते, पटाच्या बैलाला वर्षभर काय चारावे लागते हेही ठाऊक असते, आणि तो सरळ विचारतो, “त्या पोट्ट्याचा खुराक कोन पाहे जी?” या प्रश्नावर खोकला काढावा.

2014 च्या, रशियातल्या सोचीच्या ऑलिम्पिकचा विषय तर टाळलेलाच बरा. भारतीय ऑलिम्पिक संघटना तेव्हा निलंबित होती, त्यामुळे उद्घाटनाला आपले तीन खेळाडू तिरंग्याशिवाय चालले. निलंबन उठले ते स्पर्धा सुरू झाल्यावर. तरीही कोणी हा विषय काढलाच, तर त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपिटीने गहू, हरभरा आणि संत्रा झोडपला होता याची हळूच आठवण करून द्यावी. पंचनाम्याची माणसे बांधावर पोहोचली तोवर तो बर्फ वितळून गेला होता, त्यामुळे पारावरचा प्रत्येक जण आजही गार केवढी होती ते मुठीने दाखवतो. कोणाची बोराएवढी, कोणाची लिंबाएवढी, कोणाची थेट संत्र्याएवढी. ही चढाओढ रंगात आली की चपला शोधाव्यात आणि घराकडे निघावे.