‘डॉक्टरांना चित्रं कसली दाखवता?’

एचआयव्हीबाधितांनी काढलेली चित्रं डॉक्टर-नर्सच्या प्रशिक्षणात वापरावीत, असं कुणी म्हटलं की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: ‘भेदभाव अज्ञानातून होतो, डॉक्टर तर शिकलेले. फार तर एक लेक्चर ठेवा. चित्रांनी काय होणार? नुसता वेळ आणि पैसा वाया.’

अज्ञानाचंच आधी बघू. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला त्या आजाराचा धोका ६ ते ३० टक्के. हे इंटर्नलाही पाठ असतं. तरीही केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठी खूण होते ती एचआयव्हीची, आणि नुसतं बीपी बघायला हातमोजे चढतात तेही याच पेशंटसाठी. आकडा ठाऊक असून हात मागे येत असेल, तर आणखी एक स्लाइड दाखवून काय साधणार?

‘चित्रांनी काय होणार?’ बरंच काही होतं, वाईटसुद्धा. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर एड्सची जाहिरात आली: हाडांचा सापळा झालेला यमदूत बोलिंग खेळतोय, आणि पिनांच्या जागी बायका-मुलं उभी. लोक जाम घाबरले. पण समलिंगी पुरुष म्हणजेच तो यमदूत, असा अर्थ काढणारेही निघाले. असं चित्र भिंतीवर नसलेलंच बरं.

याच्या अगदी उलट काम २००२ मध्ये केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीत झालं. सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीची औषधं मिळायची मारामार होती तेव्हाची गोष्ट. चित्रकार जेन सॉलोमन यांच्यासोबत बाधित बायका मोठ्या कागदावर आडव्या झाल्या, दुसरीने अंगाभोवती रेघ ओढली. त्या बाह्यरेषेमागे आणखी एक आकृती, आधार देणाऱ्या माणसाची. मग आत ज्याचं त्याचं: शरीरावरचे व्रण, विषाणू, गोळ्या, हाताचे ठसे. केसपेपरवर सीडी४चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा असतो; इथे पुरुषभर उंचीचं माणूस समोर उभं राहतं, आणि कुठे काय दुखलं ते त्याने स्वतः रंगवलेलं असतं.

खर्च म्हणाल तर कागदाचा रोल आणि रंग. पुढे बोलायला नको.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: प्रदर्शन बघून डोळे पाणावतील आणि सोमवारी वॉर्डात पुन्हा तेच. म्हणून नुसती फ्रेम टांगून भागत नाही. मानसिक आजारांबद्दलच्या कलंकावरील अभ्यासांचं २०१२ मध्ये एकत्रित विश्लेषण झालं. त्यात प्रौढांच्या बाबतीत माहिती देण्यापेक्षा आजार असलेल्या माणसांशी संपर्क जास्त कामी आला, आणि व्हिडिओपेक्षा प्रत्यक्ष भेट. म्हणजे चित्राशेजारी चित्र काढणारी व्यक्ती हवी, तिला यायचं असेल तरच. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला २०१७च्या कायद्याने आपल्याकडे मनाई आहे, आणि हॉस्पिटलची भिंत त्याला अपवाद नाही.