टोपलीतला फॉल्स्टाफ

लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा जुन्या बाजारात एक एनग्रेव्हिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, घेतलं. पौंडांचे रुपये किती झाले, ते हिला अजून सांगितलेलं नाही. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मधला प्रसंग आहे. दोन बेरकी बायका त्या ढेरपोट्या फॉल्स्टाफला मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबतायत. मूळ चित्र काढणारा पीटर्स पाद्री होता, पण बायका मात्र अगदी मन लावून रंगवल्यात.

जॉन बॉयडेल नावाच्या प्रकाशकाने १७८९मध्ये लंडनमध्ये शेक्सपिअरच्या प्रसंगांची गॅलरीच उघडली होती. चित्रं तांब्यावर कोरून घ्यायची आणि छापून विकायची, असा धंदा. माझं चित्र त्यातलंच. शेवटी कर्ज इतकं झालं की गॅलरी २२ हजार तिकिटांच्या लॉटरीत काढावी लागली. हे मी हिला कौतुकाने सांगायला गेलो.

"म्हणजे त्यालाही परवडलं नव्हतं," ही म्हणाली.

पुण्यात फ्रेमवाल्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "काका, खालची पट्टी कापू? तयार फ्रेममध्ये बसेल."

"अहो, डावीकडे चित्रकाराचं नाव आहे, उजवीकडे कोरणाऱ्याचं! आणि ही कडेची दबलेली रेघ दिसते ना, ती तांब्याच्या पत्र्याची खूण. तीच तर खरी गंमत."

त्याने रेघेवरून बोट फिरवलं. "चुरगळलंय. इस्त्री मारून देतो."

लॅमिनेशनवरूनही आमचं वाजलं. पाणी पडलं तरी फडक्याने पुसता येतं, असा त्याचा मुद्दा होता.

पहिल्याच पावसाळ्यात कागदावर तांबूस ठिपके उठले. मुळात चित्रच ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. त्यामुळे टोपलीतल्या कपड्यांवरचे डाग पाद्रीबाबांचे की पुण्याच्या दमट हवेचे, हे भिंग लावूनही कळेना. ही म्हणाली, "भिजत घालून बघा."

परवा कामाच्या मावशी धुण्याची बादली घेऊन चित्रासमोर थबकल्या. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, चला, एक तरी रसिक भेटला.

"ह्या मेल्याला आत घातलं खरं, पण उचलणार कोण?"

"गडी आहेत."

"त्यांना सांगितलंय का, आत काय आहे ते?"

मी पुस्तक काढलं. बाईसाहेबांचा हुकूम असा, की हाक मारली की यायचं, न थांबता, न डगमगता टोपली खांद्यावर घ्यायची.

"आणि पगार?"

अंक तिसरा, प्रवेश तिसरा पुन्हा चाळला. पगाराचं काही सापडलं नाही.