दोन सीटची गाडी, पाच मॅटचा सेट

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या चपलांकडे, आणि मग विचारतात, "कोणाची?" माझीच आहे हो. सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर तुमचा काही दोष नाही, फार थोड्या दिसतात. गोव्यात बनायची, दोन दारं, दोन सीटा, वर कापडी छत, अंग फायबरचं आणि पोटात रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. आता याच्याहून जास्त ताकद आजकालच्या साध्या हॅचबॅकमध्ये पण असते हे मला माहितेय, दर पार्टीत कोणीतरी सांगतंच, पण हॅचबॅकमध्ये बसल्यावर पंगतीत मांडी घालून बसल्यासारखं वाटत नाही ना. घेतली तेव्हा ती तिसऱ्या हाताची होती. बायकोनं त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, "आईंना कुठे बसवायचं?" तो प्रश्न आजपर्यंत पेंडिंग आहे.

तर आता गाडीतल्या पायाखालच्या मॅटचं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी, जिला आम्ही एरवी नाला म्हणतो, ती आपण नदी आहोत हे दाखवायला घराघरात शिरली. आम्ही अंबाझरी लेआउटच्या बाजूला राहतो. माझी गाडी इतकी बुटकी की शेजाऱ्याच्या एसयूव्हीच्या टायरला पाणी लागलं तेव्हा माझ्या सीटला लागलं होतं. इंजिन, वायरिंग, सीटा यांची कथा वेगळी आहे, ती मी कधीतरी बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन रडत रडत लिहीन. मॅटा मात्र मी स्वतः धुतल्या, गच्चीवर वाळत टाकल्या, पण त्यांच्या खालच्या जाड अस्तरानं जे पाणी धरलं ते सोडेच ना. आठ दिवसांनी गच्चीवर ओल्या पोत्याचा असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लोणच्याची बरणी आत नेली. मी ऑफिसात असताना बायकोनं दोन्ही मॅटा कचरागाडीत टाकल्या. "माप तरी ठेवायचं होतं गं," मी म्हटलं, तर म्हणते, "वास ठेवलाय की गाडीत."

मला वाटलं मॅट काय, एका रविवारचं काम. 

पहिल्यांदा सदरमधल्या एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक भाऊ बसले होते, समोर कॉम्प्युटर.

"कोणती गाडी जी?"

"स्टॉर्म."

"अच्छा, सफारी."

"सफारी नाही, सॅन."

"सन? सनरूफवाली?"

"छत कापडी आहे."

भाऊंनी कॉम्प्युटरवरचा हात काढला. मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, मग आत आवाज दिला, "इकडे ये बे, मागं सीटच नाही म्हणून राहिले साहेब." आतून दोन पोरं आली. तिघांनी मिळून फोटो पाहिला. एकानं हळूच विचारलं, "मग लेकरं कुठी बसवता?"

भाव निघाला सेव्हन डी मॅटचा साडेचार हजार, पाच पीसचा सेट, दोन पुढे, दोन मागे, एक मधल्या उंचवट्यावर. थ्री डी, फाइव्ह डी, सेव्हन डी हे काय प्रकरण आहे ते मी विचारलं तर म्हणाले, "जितके डी तितकी चांगली." माझ्या माहितीप्रमाणे थ्री डीच्या पुढे गेलं की विषय फिजिक्सवाल्यांकडे जातो, पण ते असो. मी म्हटलं मला दोनच पाहिजेत. म्हणाले सेट तोडता येत नाही. म्हटलं मग उरलेल्या तीनचं मी काय करू? "ठेवा ना घरी, कामात येते." हजार रुपये ॲडव्हान्स घेतला आणि म्हणाले स्पेशल ऑर्डरनं मागवतो, पंधरा दिवस.

पंधरा दिवसांचे झाले दोन महिने, आणि मॅटा आल्या त्या टाटा सफारी स्टॉर्मच्या. त्या गाडीच्या इंग्रजी नावात शेवटी एक ई जास्त आहे, बाकी सगळं सेम, म्हणजे चूक एका अक्षराचीच, पण ते अक्षर निघालं दीड फूट रुंद. ड्रायव्हरची मॅट माझ्या गाडीत आडवी टाकली तर ती माझ्या सीटपासून निघून हँडब्रेक ओलांडून पलीकडच्या दारावर चढत होती. भाऊ परत घ्यायला तयार नाहीत. "खोललेला माल चालत नाही जी." आता त्यातली एक आमच्या कूलरखाली आहे, पाणी टपकतं ते धरते, एक सिलिंडरखाली, एकीवर खालचा कुत्रा झोपतो, आणि खरं सांगतो, सेव्हन डीचा खरा आराम जगात फक्त त्यालाच कळलाय. उरलेल्या दोन माळ्यावर.

मग रात्री इंटरनेटवर बघत बसलो. तिकडे अमेरिकेत माझदा मियाटा नावाची अशीच दोन सीटची उघडी गाडी आहे, १९८९ पासून निघते आणि २०१६ मध्ये तिनं दहा लाखांचा आकडा ओलांडला, म्हणजे तिच्या मॅटा तिकडे आपल्याकडच्या संत्र्यासारख्या, हव्या त्या रंगात, कोणत्याही सालच्या मॉडेलला. मी मनातल्या मनात त्या माझ्या गाडीत बसवून पण पाहिल्या. पण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे टाचेखालचा जाड पट्टा येणार बायकोच्या पायाखाली, आणि कुरिअरचा खर्च मॅटपेक्षा जास्त. बायको म्हणाली, "मी चालवते मग." मी लॅपटॉप बंद केला.

तोपर्यंत उन्हाळा आला. नागपूरचा मे महिना म्हणजे, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ डिग्री झालं होतं, तेवढं नाही झालं तरी उघड्या फ्लोअरवर पाय ठेवला की चप्पल हळूहळू मऊ पडायची आणि क्लच सोडताना पाय चप्पल तिथेच ठेवून एकटा वर यायचा. म्हणून बर्डीतून युनिव्हर्सल रबरी मॅटची जोडी आणली, साडेतीनशे रुपये. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला बसत नाही ती. पाकिटावर लिहिलं होतं कैचीनं कापा, मी कापली, आधी थोडी कमी, मग थोडी जास्त, मग राग आला म्हणून अजून थोडी. आणि एका संध्याकाळी व्हरायटी चौकात सिग्नल पडला, मी ॲक्सिलरेटर सोडला, पण ॲक्सिलरेटरनं मला सोडलं नाही, मॅट सरकून पेडलच्या मागे जाऊन बसली होती. क्लच दाबला, ब्रेक मारला, गाडी जागेवर उभी राहून एवढी ओरडली की अख्ख्या चौकाला वाटलं मी रेस लावून राहिलो. एका पोरानं बाइकवरून अंगठा दाखवला. मी वाकून मॅट ओढून काढत होतो.

हसण्यावारी नेऊ नका. २००९ साली अमेरिकेत टोयोटानं नेमक्या याच भीतीनं, की मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकेल, सुमारे ३८ लाख गाड्या रिकॉल केल्या होत्या. हे मी घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं, म्हटलं बघ, मी एकटाच नाही. बायको म्हणाली, "त्यांना कोणीतरी परत बोलावलं तरी. तुमची गाडी कोण बोलावणार आहे?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई-इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, बघायला गेलो होतो. सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि मी मनापासून ओरडलो, मॅटवाल्यांना घेऊन जा गे मारबत. बाजूच्या माणसानं अर्थ न विचारता साथ दिली, हे फक्त नागपुरात होते.

शेवटी रस्ता आईनं काढला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिला स्पोर्ट्स कार म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नाही. ती म्हणाली, "ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा ब्लाउज देते बाई. मापाचा नसेल तर कागद कापते. तू आठ महिने काय करून राहिला?" मी म्हटलं अकरा. तिनं पेपर मागवला, गाडीचं दार उघडायला लावलं आणि पाट टाकून बाहेर बसून, कमरेपासून आत वाकून, हितवादची दोन पानं फ्लोअरवर दाबून दाबून बसवली, पेडलपाशी नखानं घडी मारली, पेन्सिलनं खुणा केल्या, आणि अशी कापली जसा बाहीचा मुंढा कापतात. माझी आई त्या गाडीत पहिल्यांदा शिरली ती अशी. अर्धीच शिरली, पण बायकोच्या प्रश्नाचं तेवढं तरी उत्तर मिळालं.

माप मिळालं, कापड कुठून? आमच्या गल्लीच्या टोकाला बिछायत केंद्र आहे, लग्नाचा मंडप-गालिचे भाड्यानं देणारं. मालक ओळखीचे. त्यांच्याकडे लग्नाच्या स्टेजवरचा लाल गालिचा होता, एका कोपऱ्यात कॅटरिंगवाल्यानं तर्री सांडलेली, म्हणून बाद. म्हणाले, "डागाचा कोपरा सोडून कापून घ्या ना, पैसे कायले देता." शंभराची नोट बळजबरीनं दिली. कडा शिवायला आधी पिको-फॉलवाल्या ताईंकडे गेलो, त्यांनी गालिचा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, सुई तुटली तर साड्या कोण करेल?" त्यांनीच पत्ता दिला, ऑटोचे हूड शिवणाऱ्याचा. त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. मागची सीट नाही, लेकरं कुठी, काही नाही. कागद पाहिला, गालिचा पाहिला, म्हणाला अर्ध्या तासानं या. कडेला रेक्झिनची पिवळी पाइपिंग मारली, खाली रबराचा तुकडा, आणि सरकू नये म्हणून वेल्क्रोच्या चार पट्ट्या. दोनशे चाळीस रुपये. मी तिनशे दिले तर साठ परत केले.

रविवारी सकाळी बायकोला तर्री-पोहे खायला घेऊन निघालो. तिनं दार उघडलं, खाली लाल गालिचा बघितला, आणि काही विचार न करता सँडल काढली. गालिचा दिसला की पायातलं काढायचं, हे तिच्या पायालाच माहीत. मग लक्षात आलं की ठेवायला मागे जागाच नाही, तर ती सँडल मांडीवर घेऊन बसली. मी काही बोललो नाही. मी पण काढली होती.

व्हरायटी चौकात सिग्नल पडला. छत उघडं होतं. बाजूला ऑटो येऊन थांबला, ड्रायव्हरनं वाकून आत पाहिलं, आधी गाडीकडे, मग आमच्या अनवाणी पायांकडे, मग खाली मॅटकडे बराच वेळ.

"भाऊ," तो म्हणाला, "पाइपिंग आमच्याच हूडची दिसून राहिली."