घर पाडायच्या आधी पागोळ्या बघा

गेल्या पावसाच्या तोंडावर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्याआधी तो गावच्या ग्रुपवर येऊन गेला होता, नंतर मुंबईकर मंडळींच्या ग्रुपवरही दिसला. मथळा होता, ‘कोकणात जुनं घर आहे? पावसाआधी हे वाचाच!’ खाली पाच मुद्दे. भिंतीला तडा गेला म्हणजे पाया बसला, घर धोकादायक झालं. जांभ्याचा चिरा (कोकणातल्या तांबड्या दगडाचा घडीव ठोकळा) पाणी पितो आणि पन्नास वर्षांत विरघळतो. ओल आली तर सिमेंटचा गिलावा करा, वर वॉटरप्रूफ रंग मारा. वाळवी दिसली म्हणजे आतलं सगळं लाकूड गेलं. आणि वादळात कौलं उडतात, तेव्हा पाडून सरळ स्लॅबचं बांधा, ‘पुढच्या तीन पिढ्यांना बघायला नको’.

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात काकी एकटी राहते. माजघराच्या दारावर एक तडा आहे, माझ्या लहानपणापासून. मेसेज वाचला त्या रात्री काकीनं आपली खाट माजघरातून उचलून पडवीत टाकली. पडवीवर पत्रा आहे आणि ती घरातली सगळ्यात कच्ची जागा आहे, हे तिला सांगून पटेना. एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला बसलो ते त्या खाटेमुळे.

तड्यापासून सुरू करतो, कारण भीती तिथंच आहे. ‘तडा म्हणजे पाया बसला’ हे ‘खोकला म्हणजे क्षय’ म्हणण्यासारखं आहे. असूही शकतो, पण आधी खोकला कसला ते तरी बघाल की नाही? गिलाव्यावर केसासारख्या रेषांचं जाळं असेल तर बहुतेक वेळा गिलावाच सुकताना आक्रसलेला असतो, भिंतीला त्याचा पत्ताही नसतो. शंका असेल तर तेवढ्या जागी गिलावा खरवडा आणि खाली चिऱ्यापर्यंत रेष जाते का बघा. जुन्या भिंतीला टेकवून मागाहून संडास-बाथरूम बांधलं असेल, तर त्या जोडावर उभी फट जवळजवळ ठरलेलीच. एक बांधकाम शंभर वर्षांपूर्वी बसून स्थिरावलेलं, दुसरं काल भरलेल्या मातीवर. दोन्ही एकत्र कशी बसतील?

पाया खरंच बसत असेल तर तडा वेगळा दिसतो. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका चढतो, आणि बऱ्याचदा एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद असतो. रुंदी मोजायला एटीएम कार्ड घ्या, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्डाची कड शिरत नसेल तर आज झोपा. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची एक जुनी प्रतवारी जगभर वापरली जाते. तिच्यात १ मिलिमीटरपर्यंतचा तडा किरकोळ, ५ पर्यंतचा हलका आणि १५ च्या पुढचा गंभीर धरतात. ती विटांच्या घरांसाठी केलेली आहे, आपल्या चिऱ्याला तंतोतंत लागू होईल असं नाही, पण घाबरायचं किती याचा अंदाज त्यातून येतो.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तडा चालू आहे की थांबलेला. आमच्या गावच्या म्हाताऱ्या गवंड्यांनी शिकवलेली युक्ती सांगतो. तड्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडून काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावायचा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायची. भिंत हलली की काच फुटते. ही पट्टी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा राहू द्या, कारण आपल्याकडची माती पावसात फुगते, मे महिन्यात आवळते, आणि भिंत दोन्हीबरोबर थोडी श्वास घेते. दार अडकतंय म्हणून भिंत कलली, हेही असंच घाईचं निदान. मृगात बसलेलं दार दिवाळीत आपोआप सुटत असेल तर लाकूड फुगलं होतं, बाकी काही नाही.

मात्र काही गोष्टींत काचपट्टी लावत बसू नये. भिंत पोटात फुगलेली दिसली, ओळंबा सोडल्यावर भिंतीचा माथा बाहेर गेलेला निघाला (वासे पसरायला लागले की ते भिंतीला बाहेर ढकलतात), तुळईचं टोक भिंतीतून सरकलं, किंवा जोत्यात पिंपळानं मूळ धरलं, तर खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी वेगळी द्या. पाडायचं की नाही हे ज्याला पुढं बांधायचं कंत्राट मिळणार आहे त्याला विचारू नये. आमच्याकडं आलेल्या एका कंत्राटदारानं खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहूनच ‘काय राहिलं नाही यात’ म्हणून सांगितलं होतं. माजघरात त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं.

जांभा विरघळतो म्हणे. देवगडचा अख्खा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, जांभ्याचा आहे, तो अजून कुठं वाहून गेलेला नाही. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनननं हा दगड मलबारात पाहिला आणि १८०७ सालच्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. खाणीत हत्यारानं सहज कापता येतो आणि हवेवर ठेवला की विटेसारखा टणक होतो, असं त्यानंच नोंदवलंय. आपले चिरेखाणीवाले हे रोज बघतात. जांभा पाणी पितो हे मात्र खरं. म्हणून तर जुने लोक त्यावर चुन्याचा गिलावा करायचे, छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढायचे आणि झडीच्या बाजूला माडाच्या पात्यांची झापं लावायचे. याचं मोठं उदाहरण शेजारी गोव्यातच आहे. जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च १५९४ साली बांधायला घेतलं आणि १६०५ साली पूर्ण झालं, तेही जांभ्याचं. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला आणि तेव्हापासून उघड्या दगडाची झीज हा काळजीचा विषय झालाय. साडेतीनशे वर्षं गिलाव्याआड काढलेल्या दगडाला उघड्यावरची साठसत्तर वर्षं जड गेली. चिऱ्याचं अंगच काढून घेतलं तर चिरा काय करील?

आता हेच सिमेंटच्या गिलाव्याशी जोडून बघा, कारण मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला तोच आहे आणि आम्ही तो अगोदरच पाळून बसलो होतो. माजघराच्या मागच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल यायची. पाचेक वर्षांपूर्वी तेवढ्या भागात सिमेंटचा गिलावा केला, वर महागाचा रंग मारला. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ओल साडेचार फुटांवर निघाली, गिलाव्याच्या बरोब्बर वर. पांढरी बुरशी आली म्हणून काकी पुसत राहिली. ती बुरशी नव्हती, पाण्याबरोबर वर चढलेले क्षार होते, बोटाला मिठासारखे लागायचे. तिसऱ्या वर्षी गिलावा ठोकला तर ढब-ढब वाजायला लागला आणि एक दिवस परातीएवढा तुकडा आपल्या आपण सुटून पडला. मागचा चिरा ओला-पिवळा, नखानं खरवडता येईल इतका मऊ. भिंतीतलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच, चुना त्याला वाट देतो, सिमेंट आणि प्लॅस्टिकचा रंग ती अडवतात, मग ते वर चढतं किंवा आत बसून चिरा कुजवतं.

म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं. भिंतीकडं त्यांनी एकदाच बघितलं आणि बाहेर जाऊन पागोळीखाली उकिडवे बसले. म्हणाले, “झिला, भितीक काय्येक झाला नाय. पाणी खयसून येता ता आधी बघ.”

बघितलं. मागीलदारी आम्हीच पेव्हर ब्लॉक घातले होते, चिखल नको म्हणून. त्यांच्या खालच्या भरावानं अंगण वीतभर उंच झालं आणि जोतं तेवढं बुटकं. शिवाय उतार घराकडं. हिशेब करून बघा. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि हंगामात तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी नुसत्या छपरावरून उतरतं. त्यातलं निम्मं आम्ही चार वर्षं स्वतःच्या हातानं भिंतीच्या बुडात सोडत होतो. ब्लॉक काढले, उतार उलटा केला, पन्हळ लावून पाणी माडाकडं नेलं, सिमेंट खरवडून भिंत एक उन्हाळाभर उघडी सुकू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधायला मात्र दोन महिने गेले, ते सोपं आहे असं म्हणत नाही.

वाळवीचं थोडक्यात. मातीची नळी दिसली की ती मोडा आणि आठवड्यानं बघा. परत बांधली असेल तर वाळवी चालू आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वासा टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. भिंतीत गेलेली टोकं आधी तपासा, कारण तिथं ओल असते आणि वाळवी ओलीच्या मागं येते. आमचे तीन वासे पोकळ निघाले, तेवढे बदलले. आढं आणि तुळया फणसाच्या, त्यांना टाचणी जाईना. तीन वाशांपायी घर पाडायचं?

शेवटचा मुद्दा स्लॅबचा, आणि इथं मेसेजवाल्याला एक गोष्ट द्यायला हवी. कौलं उडतात. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमचीही उडाली. शाकारणीला, म्हणजे कौलं परतायला, माणूस मिळत नाही आणि एकटीदुकटी बाई छपरावर चढू शकत नाही, हेही खरं. पण त्या दिवशी आमच्या वाडीत पत्रेही उडाले, आणि ते कौलांपेक्षा लांब गेले. वारा छपराला सगळ्यात जास्त ओढतो तो कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यावर. तिथल्या ओळी तारेनं बांधल्या आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडी पाटीला लोखंडी पट्टीनं जखडले, तर बराच धोका कमी होतो.

‘तीन पिढ्या बघायला नको’ हे मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यानं लिहिलेलं नसावं. समुद्राची खारी हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय. आपल्या गावातल्या सेंट्रिंगवर सळईखाली काय ठेवतात ते जाऊन बघा, खडीचा एखादा तुकडा असला तर नशीब. त्यात खाडीची खारी वाळू वापरली असली तर गंजाचं बी आपणच पेरलं. आमच्या वाडीतल्या तीस-पस्तीस वर्षांच्या स्लॅबचे पोपडे पडतायत, खालून तांबड्या रेघा दिसतायत, आणि बहुतेकांवर गळती थांबवायला पत्र्याचं छप्पर चढलंय. म्हणजे छपराला छप्पर!

काहीजण अर्धाच सल्ला ऐकतात, कौलं उतरवून जुन्याच भिंतींवर स्लॅब ओततात. ते तर अजिबात करू नका. सहाशे चौरस फुटांची पाच इंची स्लॅब सतरा टनांच्या वर जाते. कौलं आणि लाकूड मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत असतं, आणि मातीत रचलेल्या भिंती त्या हिशेबानं बांधलेल्या असतात.

पाडायचं ठरलंच तर मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आधी बघा. जमिनीच्या उताऱ्यावर किती भाऊबंदांची नावं आहेत, आणि घर भरतीरेषेपासून किती लांब आहे. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) ना-विकास पट्ट्यात आहे ते घर दुरुस्त करणं एक आणि पाडून परत उभं करणं वेगळं. तिथं परवानगी लागते आणि जुन्या क्षेत्रफळाची मर्यादा येते. पाडून ठेवलेली आणि मग वर्षानुवर्षं नुसती जोती राहिलेली घरं किनाऱ्यानं फिरताना दिसतात.

आम्ही तीन काचपट्ट्या लावल्या होत्या, ७ जूनला. माजघराच्या दारावरच्या दोन्ही या मे महिन्यापर्यंत शाबूत आहेत. तिसरी मागच्या कोपऱ्यात, जिथं नवं बाथरूम जुन्या भिंतीला टेकलंय, ती श्रावणातच फुटली. काकीला तुकडे दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे मेसेज खराच होता की.”

मी म्हटलं, “बाथरूमपुरता खरा, काकी.” खाट माजघरात परत गेली आहे. दिवाळीनंतर बाथरूमचा भराव खणून काढायचाय.