डिप्लोमसीतील विजयाच्या अटीबाबत: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी आमच्या कॅफेत आपण तुर्कस्तानच्या बाजूने ‘डिप्लोमसी’ हा युरोपच्या नकाशावरचा पटावरील खेळ खेळलात. अठरावे सप्लाय सेंटर (ज्यांच्या ताब्यावरून विजय ठरतो अशा प्रांतांपैकी एक) मिळूनही आपल्याला विजयी ठरवले नाही आणि शेवटी चौघांत बरोबरी जाहीर करून सहा तासांची मेहनत वाया घालवली, अशी आपली तक्रार आहे. त्या दिवशीच्या चालींच्या चिठ्ठ्या आमच्याकडे आहेत. त्या नियमपुस्तिकेशी ताडून पाहिल्यानंतरच हे उत्तर लिहीत आहे.

पटावर एकूण 34 सप्लाय सेंटर असतात आणि जिंकण्यासाठी त्यांपैकी 18, म्हणजे निम्म्याहून एक अधिक, ताब्यात असावी लागतात. मात्र ताब्याची नोंद वर्षातून एकदाच बदलते, फॉलच्या, म्हणजे खेळातील वर्षाच्या दुसऱ्या फेरीच्या, चाली आणि त्यानंतरची हरलेल्या सैन्यांची माघार पूर्ण झाल्यावर. खेळातील 1908 सालच्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, आपले सैन्य व्हेनिसमध्ये शिरले खरे, पण नोंदीनुसार व्हेनिस तेव्हाही फ्रान्सचेच होते. फॉलमध्ये फ्रान्सने शेजारच्या पिडमाँटमधून हल्ला केला, शेजारच्याच टिरोलियातील जर्मन सैन्याने त्याला सपोर्ट (हल्ल्याचा जोर वाढवणारी साथ) दिला, आणि आपल्या सैन्यामागे कोणाचाच सपोर्ट नसल्यामुळे त्याला तेथून हटावे लागले. आपली सेंटर 17 च राहिली, त्यामुळे हा निर्णय नियमाला धरून होता. ही अट मला या खेळाचा कणा वाटते: एखादा खेळाडू विजयाच्या उंबरठ्यावर दिसू लागला, की कालपर्यंत एकमेकांशी लढणाऱ्यांना हातमिळवणी करण्यासाठी एक चाल मिळते, आणि ॲलन कॅलहॅमर यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळात फासे नसल्यामुळे सारी चुरस त्या वाटाघाटींतच असते.

परंतु हे आपल्याला पहिल्या चालीपूर्वी समजायला हवे होते. आमच्या मराठी माहितीपत्रकात ‘18 सेंटर मिळवणारा जिंकतो’ एवढेच छापले होते. आपण त्यावर विसंबून व्हेनिसकडे धाव घेतलीत, यात आपली काहीच चूक नाही.

बरोबरीविषयी मात्र आपले म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. पटावर टिकून असलेल्या सर्व खेळाडूंनी मिळून खेळ थांबवायचे ठरवले, तरच बरोबरी होते. मग 17 सेंटर असलेल्याचा आणि दोनच असलेल्याचा वाटा सारखाच धरतात. आपली संमती नसताना, कॅफे बंद करण्याची वेळ झाली म्हणून आमच्या सहकाऱ्याने बरोबरी जाहीर करणे गैर होते. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आमच्या वहीत त्या खेळापुढे आता ‘अपूर्ण’ अशी दुरुस्ती केली आहे.

माहितीपत्रक नव्याने छापले असून, खेळ किती वाजता थांबेल आणि तेव्हा निकाल कसा लावायचा, हे यापुढे सातही खेळाडूंच्या संमतीने आधीच लिहून घेतले जाईल. आपण भरलेले टेबलाचे शुल्क परत करत आहोत. शेवटच्या स्थितीचे छायाचित्र आमच्याकडे आहे. आपणा चौघांची तयारी असल्यास 1908 च्या हिवाळ्यापासून पट पुन्हा मांडून देऊ, आणि त्या दिवशी खेळ संपेपर्यंत कॅफे उघडा ठेवू.

आपला नम्र,
कॅफेचालक