हलकं ठीक, पण आवाजाचं काय?
शिकारीसाठी रेनकोट कसा निवडावा, यावरच्या लेखातलं 'जितकं हलकं तितकं उत्तम' हे वाक्य अर्धंच पटलं. अमेरिकेत कोलोरॅडोला मित्रांबरोबर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातो (बंदूक त्यांची, ओझी माझी!). पहिल्या वर्षी मुठीत मावणारं पावसाळी जॅकेट घेतलं, तर पावलागणिक वेफर्सच्या पुडीसारखं चुरचुरायचं. आता थोडं जड, पण मऊ कापडाचं, हवा खेळावी म्हणून काखेत चेन असलेलं वापरतो. चढावर माणूस आधी घामानेच भिजतो. पावसाळी पँटलाही बाजूला पूर्ण लांबीची चेन हवीच, नाहीतर चिखलात एका पायावर उभं राहून बूट काढत बसा.

आणि एक राहिलंच. बंदुकीच्या मोसमात तिथे कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग बाहेरून दिसावा लागतो. रेनकोट चढवला की आतलं केशरी जाकीट झाकलं जातं. म्हणून जाकीट रेनकोटवरून घालता येईल असं ऐसपैस घ्या.